गंगाखेडचा गोटा

माझ्या नातीनं, रेवतीनं, परवा घरात एक यंत्र आणलं. परवा म्हणजे हैदराबादी परवा, दोन महिने तरी झाले असतील. इथं कालच्या मागचं सगळं परवाच असतं. तर हे यंत्र तिनं बाल्कनीत स्टुलावर मांडलंय. काळ्या रबराचा एवढासा डबा, खाली दोन दांड्या, बटण दाबलं की डबा आपला आडवा पडून फिरत राहतो. आत दगड. महिनाभर फिरवले की दगड गुळगुळीत होतात, चमकतात, असा म्हणे हा छंद आहे. मी म्हटलं, "अगं, महिनाभर वीज जाळून गोटे घासायचे? एवढी हौस असेल तर माझी भांडी घास की!"

ती हसली आणि यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून दाखवायला लागली. डबा पाऊण भरायचा. पाणी दगडांच्या वर येऊ द्यायचं नाही. आधी घासायची जाड पूड, मग मधली, मग बारीक, शेवटी पॉलिश. दर पूड बदलताना दगड नि डबा स्वच्छ धुवायचा, आणि उरलेला गाळ...

"मोरीत ओतायचा नाही," मी म्हटलं.

"आज्जी! सेम टू सेम हेच लिहिलंय. तुला कसं माहीत?"

कसं माहीत! मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. पण पोरगी हुशार. तिनं माझ्या शिवणाच्या डब्यातला तो गोटा काढला, कोंबडीच्या अंड्याएवढा, तपकिरी, आत दुधाळ रेघा, आणि म्हणाली, "हा टाकू? हा किती डल आहे, मस्त चमकेल." मी अशी काही ओरडले की शेजारच्या फ्लॅटमधली बाई दार उघडून बघायला आली. इतकं ओरडायचं काही कारण नव्हतं. नातीनं तोंड एवढंसं केलं. मग तिला सांगितलं ते इथं सांगते. नीट सांगता येईल की नाही कुणास ठाऊक, कारण या गोष्टीतलं मलाच पुरतं काही कळलेलं नाही. दिगंबरराव हे माणूसच कळण्यातलं नव्हतं.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथं चिक्कडपल्लीत आले, त्या वर्षी हैदराबाद राज्य मोडायला निघालं होतं. भाषेप्रमाणे तीन तुकडे होणार, मराठी जिल्हे इकडे, कानडी तिकडे, तेलुगू इथंच, असं आमचे हे मला रोज जेवताना समजावून सांगायचे. मला काही उमगायचं नाही. मोडणार ते राज्यच मला अजून कळलं नव्हतं, तर नवं कुठून कळणार? भाजीवालीशी बोलायला गेले की ती तेलुगूत, दूधवाला उर्दूत, आणि आमच्या सासरची मराठी तर अशी की मला वाटायचं ही माणसं माझी चेष्टा करतायत. "काय करायलीस?" म्हणे! मी मनात म्हणायची, करायला तर काहीच नाही, बसलेय.

लक्ष्मम्मा नावाच्या तेलुगू बाईंच्या घरात मागच्या अंगाला आम्ही दोन बिऱ्हाडं होतो. मधे अंगण, आणि मोरी दोघांत एक. पहिल्याच सकाळी शेजारून आवाज यायला लागला. घरर्र, घरर्र, घरर्र. थांबेचना. म्हटलं दळण असेल. दुपार झाली तरी चालूच. शेवटी मी उंबऱ्यात उभी राहिले आणि शेजारच्या ताराक्कांना विचारलं, "काय दळताय एवढं?"

"दगड," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला इतका राग आला! म्हटलं, नवी आहे म्हणून उडवून लावतायत. संध्याकाळी कळलं, बाई खरंच सांगत होती.

ताराक्कांचे यजमान, दिगंबरराव, आमच्या ह्यांच्याच कचेरीत, महसुलाच्या जुन्या दप्तरात कामाला होते. चाळिशी उलटलेली, उंच, पण लोकांचं ऐकता ऐकता मान पुढं वाकलेली. शेरवानीची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खिशात कायम एखाददुसरा खडा, आणि समोरच्याशी बोलताना खिशातल्या खिशात तो अंगठ्यानं चोळत राहायचे. शिक्षण उर्दूत झालेलं, सही उर्दूत, सकाळचं वर्तमानपत्र उर्दू. घरात बोलायचं मराठी, पण मराठी वाचायची म्हटलं की घाम फुटायचा. ताराक्कांच्या भावाचं गंगाखेडहून पत्र आलं की नवराबायको दोघं माझ्याकडे यायचे आणि मी वाचून दाखवायची. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, सरकारी नोकरीतला माणूस हात बांधून माझ्यापुढं बसायचा. आधी मला संकोच वाटायचा, मग मला त्याची गंमत वाटायला लागली.

आणि हा माणूस कधी कुणाला नाही म्हणत नसे. कधीच. "हौ" म्हणायचे. हौ म्हणजे हो. आवाजाची तक्रार घेऊन मी गेले तेव्हा ते उभेच राहिले.

"हौ वहिनी, अगदी बरोबर आहे तुमचं. किती तकलीफ होत असेल. बंदच करतो जी."

मी खूश होऊन परत आले. आवाज चालूच. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत हौ, परत तसाच आवाज. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचूनच निघाले होते, तर आवाज अर्ध्यावर आलेला. बघते तर यंत्राखाली घरातली गोधडी चौघडी करून घातलेली. आणि ते थंडीचे दिवस होते. ताराक्का मला म्हणाल्या, "बाई, यांच्या तोंडात नाही हा शब्द घालायचाच देव विसरला बघ. मागं एका रविवारी तीन घरच्या जेवणांना हौ म्हणून बसले. तिन्ही ठिकाणी जेवून आले आणि मग दोन दिवस आडवे."

तिथून आमचं जमलं. ताराक्कांनी मला भाजीपुरतं तेलुगू शिकवलं, आंबाडीची भाजी शिकवली, सासूबाईंच्या कुठल्या बोलण्याचा राग धरायचा नि कुठल्याचा नाही ते शिकवलं. माझं माहेर तीन गाड्या बदलल्यावर यायचं. त्या वर्षी मला ताराक्का हेच माहेर होतं, आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

मग मी यंत्रही बघायला लागले. ते काही विकतचं नव्हतं. दिगंबररावांनी एकदा रेल्वेच्या कारखान्यात पितळेचे नट एका पिंपात वाळूबरोबर फिरवून चकचकीत करताना पाहिले होते. पितळ चमकतं, तर दगड का नाही? एवढंच डोक्यात घेऊन घरी आले. वनस्पती तुपाचा मोठा डबा घेतला, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, झाकणालाही रबर. दोन लोखंडी दांड्यांवर तो आडवा ठेवला आणि बंद पडलेल्या टेबलफॅनची मोटर दुरुस्त करून तिचा पट्टा दांडीला जोडला. पूड कुठकुठली घ्यायची ते चारमिनारच्या मागं अंगठीचे खडे घासणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं.

"वहिनी, डबा पाऊणच भरायचा," ते मला समजावत. "कमी भरला तर दगड एकमेकांवर आपटतात, फुटतात. गच्च भरला तर हलतच नाहीत. आवाज ऐका. असा ओल्या वाळूवरून कुणी चालल्यासारखा आला पाहिजे."

मी कान लावून ऐकायची. मला नुसतं घरर्र ऐकू यायचं.

"आणि एका डब्यात एका ताकदीचेच दगड. नरम नि सख्त एकत्र टाकले की नरमाची माती होते."

हे ज्ञान त्यांना कसं झालं, तीही एक कथाच आहे. लक्ष्मम्मांच्या देव्हाऱ्यात मऊ पांढऱ्या दगडाचा एक छोटा गणपती होता. पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल-हळद लागून काळा पडलेला. यंत्र बघून त्या बाई तो घेऊन आल्या, हा पण चमकवून द्या म्हणाल्या. आता दिगंबररावांना त्याच वेळी शंका आली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण म्हणणार काय? हौ म्हणाले. आठ दिवसांनी डबा उघडला, तर आत सगळे दगड होते आणि गणपती नव्हता. पांढरा गाळ चाळता चाळता एक सुपारीएवढा गोटा सापडला. ना सोंड, ना कान, ना पोट. लक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या. "एमय्या, मा विनायकुडु एडी?" आमचा विनायक कुठाय? आणि दिगंबरराव तो गोटा ओंजळीत धरून घामाघूम. ताराक्का आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसत होत्या, मी त्यांच्या शेजारी. बाईंनी तो गोटा हातात घेतला, उजेडात धरला, पुष्कळ वेळ बघितला, आणि काय मनात आलं कोण जाणे, डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून तो शाळिग्राम म्हणून देव्हाऱ्यात बसला. दिगंबरराव मात्र पुढं महिनाभर लक्ष्मम्मांसमोर आले नाहीत.

मोरीचंही तेच. सुरुवातीला गाळ कुठं टाकायचा हे त्यांना कोण सांगणार? ओतत गेले मोरीत. दगडाचंच पीठ ते, आत जाऊन बसलं आणि सिमेंटासारखं घट्ट झालं. ऐन संक्रांतीला दोन्ही घरांचं पाणी अंगणात. पहारीनं मोरी फोडावी लागली. मी तर तोंड सोडलं होतं, खोटं कशाला बोलू? "भावजी, तुमचे दगड चमकायचे तेव्हा चमकोत, आमची मोरी आधी फोडलीत!" ते म्हणाले, "हौ वहिनी." तेव्हापासून गाळ बादलीत, बादली परसात, सुकला की पुडक्यात. माझ्या नातीच्या पुस्तकात जे दोन ओळींत छापलंय, ते आम्ही पहार घेऊन शिकलो.

आणि धुणं! जेवायखायचं, शिवाशिवीचं कसलंही सोवळं न पाळणारा हा माणूस. कचेरीतल्या मुसलमान मित्राच्या घरी ईदला जेवणार, इराण्याकडे चहा पिणार. पण दगडांचं सोवळं असं कडक की माझ्या माहेरच्या आत्याबाईंनी बघावं. पूड बदलायची म्हणजे दगड तीन पाण्यांत धुवायचे, डबा वेगळा, झाकण वेगळं, हात कोपरापर्यंत. धुतलेल्या दगडांना घरात कुणी शिवायचं नाही. "जाड पुडीचा एक कण राहिला ना वहिनी, एकच, तर पॉलिशच्या डब्यात तो सगळ्यांना ओरखडे काढतो. महिना मातीत." मी मान डोलवायची. ऐकायची मी, पण ते डोक्यात उतरलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता कचेरीत तो कागद आला. छापील. मातृभाषा कोणती, आणि कुठल्या राज्यात जायची मर्जी. इथंच राहायचं की मराठी जिल्ह्यांबरोबर तिकडे जायचं. महिन्याभरात भरून द्यायचा. सगळ्या कचेरीची झोप उडाली. आमच्या ह्यांचे आईवडील इथं, घरदार इथं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी इथंच म्हणून लिहून दिलं. दिगंबररावांचा कागद मात्र घडी घालून शेरवानीच्या खिशात, खड्यांबरोबर.

ताराक्कांना जायचं होतं. त्यांचे भाऊ गंगाखेडला, बहीण परभणीत. दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि त्या मला एकदा पीठ मळता मळता म्हणाल्या, "आपल्याला मागं बघणारं कोण आहे गं? म्हातारपणी आपली माणसं जवळ पाहिजेत." मला ते पटत होतं, आणि त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. मला दिवस गेलेले होते. या शहरात ताराक्कांशिवाय बाळंत व्हायचं, या विचारानंच मला रडू यायचं. मी दिगंबररावांना गाठलं. लाज वगैरे सगळी बाजूला ठेवली.

"भावजी, जाऊ नका. तुम्हाला तरी तिकडे करमणार आहे का? मराठीत कागद आला तर वाचून कोण दाखवणार?"

ते कितीतरी वेळ खिशातला खडा चोळत राहिले. मग तो बाहेर काढला. तपकिरी गोटा, अजून खडबडीत. "हा बघा. ताराला बघायला गेलो होतो ना गंगाखेडला, तेव्हा गोदावरीच्या काठावर उचललेला. पंधरा वर्षं तसाच ठेवला, हात पक्का झाल्याशिवाय डब्यात टाकायचा नाही म्हणून. आता टाकतो. कागद द्यायच्या आत बाहेर येईल." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "चमकला तर इथंच राहायचं, वहिनी. तुम्हाला सांगतो. दुसऱ्या कुणाला बोलू नका."

मी कुणाला बोलले नाही. पण त्या महिन्यात मी त्या डब्यापुढं जेवढे हात जोडले तेवढे देवापुढं जोडले नसतील. पहिली पूड झाली, दुसरी झाली. आता तो आवाज थांबला की मी दचकायची. वीज गेली की माझा जीव वर. ताराक्काही सारख्या डब्याभोवती. मला वाटायचं, बिचारीला ठाऊक नाही की तो चमकला तर तिचं गंगाखेड बुडालं. त्यांच्या नजरेला नजर द्यायला मला जड जायचं.

तिसरी पूड संपली. दिगंबररावांनी दगड धुतले, पातेल्यात घेतले, वरून फडकं बांधलं आणि पॉलिशसाठी डबा धुऊन उन्हात वाळत घातला. संध्याकाळी भरणार होते. त्या दिवशी कचेरीत दप्तरं वाटायची होती, कुठलं कुठल्या राज्याला, म्हणून ते लवकर गेले. दुपारी ताराक्का मला म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येते, घराकडं लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं. मग पातेल्याकडे लक्ष गेलं. फडकं सोडून बघितलं. तो गोटा हातात घेतला. गुळगुळीत झाला होता, पण चमक कुठली? मातकट. हा कसला चमकतोय! आणि पितळेची समई लख्ख करण्यात सांगलीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आईनं शिकवलेलं होतं, चिंच आणि विटेची वस्त्रगाळ पूड. मी घरात गेले, पूड आणली, आणि तो गोटा असा घासला, असा घासला, की माझी बोटं सोलवटली. मग बाकीचेही घासले, म्हटलं फरक दिसायला नको. दोन पाण्यांत धुतले. फडकं होतं तस्सं बांधलं. रामरक्षा म्हटली. मला खरंच वाटत होतं की मी त्याला मदत करतेय.

आठ दिवसांनी डबा उघडला. आम्ही दोघी दोन बाजूंना. दिगंबररावांनी एकेक दगड पाण्यात बुडवून काढला आणि फडक्यावर ठेवला. ओला होता तोवर प्रत्येक चमकला. वाळला तसा मंद झाला. शेवटी तो गोटा. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, उजेडात धरला. त्यावर बारीक बारीक ओरखडे, काचेवर धूळ बसल्यासारखे. "कण राहिला कुठंतरी," ते एवढंच म्हणाले.

मी घरात पळाले. विटेची पूड! एक कण म्हणता म्हणता मी मूठभर घातली होती. भिंतीला टेकून रडले. बाहेर आले तर ताराक्काही मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या, डोळ्यांना पदर. मला काही समजेना. या का रडायल्या? यांना तर जायचंच होतं ना? विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर माझं बाहेर आलं असतं.

दोन दिवसांनी हे कचेरीतून आले ते कपाळाला हात लावूनच. दिगंबररावांनी कागद दिला होता. मातृभाषा, मराठी. खाली उर्दूत सही. मर्जीचा रकाना कोरा! हेडक्लार्क म्हणाला, अहो, इथं काहीतरी लिहा. तर म्हणे, "जी, आप जो मुनासिब समझें." तुम्हाला योग्य वाटेल ते. कचेरीला काय, मातृभाषा बघितली आणि नाव परभणीच्या यादीत घातलं. जन्म इथला, शाळा इथली, झोपेत बोलायचे ते सुद्धा उर्दूत, आणि तो माणूस मराठी म्हणून मराठी मुलखात गेला. मी ह्यांना म्हटलं, पण त्यांना स्वतःला काय पाहिजे होतं? हे म्हणाले, "कोण विचारणार? तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मी जाऊ नका म्हटलं, ताराक्कांनी जाऊ या म्हटलं. तुम्हाला काय वाटतं, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. हे मला तेव्हा टोचलं आणि अजून टोचतं.

काचीगुड्याला आम्ही पोचवायला गेलो. दुपारची गाडी. सामान थोडंच, पण तो डबा मात्र दिगंबररावांनी कुणाच्या हाती दिला नाही, मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. ताराक्का त्यांच्या शेजारी. मी फलाटावर, पोट सांभाळत. हे पाणी आणायला गेले होते. दिगंबररावांनी खिशातून तो गोटा काढला आणि खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिला.

"हा तुमच्यापाशी ठेवा, वहिनी. आमच्यातलं एक तरी इथं राहू द्या."

आता मात्र मला राहवेना. मी तिथंच, माणसांच्या गर्दीत, भडाभडा बोलले. "भावजी, माझ्यामुळं झालं हे. मी तो विटेच्या पुडीनं घासला. तुम्ही म्हणाला होतात ना, चमकला तर इथंच राहायचं. म्हणून घासला हो!"

ताराक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय? चमकला तर इथं?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मला तर म्हणालात, चमकला तर गंगाखेडला! मी देवळातून आले आणि राख-वाळूनं घासला की तो. हात दुखेस्तोवर घासला!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती मोरीपाशी का रडत होती ते मला तेव्हा कळलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, आम्हाला हसू फुटलं. हसता हसता मी रडतेय, ती रडतेय, गजांतून हात धरलेले. लोक बघायला लागले. मधे हा माणूस, डबा पोटाशी धरून, कान लाल झालेले.

"तुमच्या दोघींमुळं नाही झालं," ते म्हणाले. इतक्या हळू की मला खिडकीला कान लावावा लागला. "संध्याकाळी डबा भरताना पहिल्या नंबरची, जाड, चिमूटभर पूड मीच टाकली आत. चमकू नये म्हणून. चमकला असता तर तुमच्यातल्या एकीला..." पुढचं शिट्टीत गेलं.

गाडी हलली. मी बरोबर चालायला लागले. मला एकदम शंका आली. एवढं दगडांचं सोवळं पाळणारा माणूस स्वतःच्या हातानं असं करील? लग्नाच्या दगडाला? की आम्हा दोघींवर पाप राहू नये म्हणून आत्ता, इथं बसल्या बसल्या रचलं यानं? मी ओरडले, "भावजी, खरं सांगा, तुम्हीच टाकली होती पूड?"

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "हौ वहिनी, हौ."

आतून ताराक्कांनी त्यांचा दंड धरून हलवला. "आमच्यासाठी खोटं बोलायलात ना? बोला की!"

ते तिच्याकडे वळले, आणि तशीच मान हलवून तिलाही म्हणाले, "हौ."